नाकाला न कळणारे

दिवाळी अंकात अन्नाच्या विषबाधेवर लिहायचे, म्हणजे ओवाळून घ्यायला बसलेल्या भावाला मृत्युपत्राची आठवण करून देण्यासारखे आहे. संपादकांचा निरोप खरे तर वेगळाच होता. "यंदा फराळावर काहीतरी खुसखुशीत द्या," असे त्यांचे म्हणणे. मी म्हटले, खुसखुशीत चकल्या देणाऱ्या पुष्कळ जणी आहेत. मी त्याच ताटाच्या दुसऱ्या बाजूबद्दल लिहिते. ते बिचारे सज्जन आहेत. "वाचकांचा फराळ आटोपू द्या, मगच त्यांना तुमचे पान उघडू द्या," एवढे बोलून गप्प बसले. तेव्हा वाचकहो, तुमच्यापुढे या घटकेला बशी असेल तर ती बाजूला सारू नका. तुमच्या चकलीला, चिवड्याला, शंकरपाळ्याला आणि बेसनाच्या लाडवाला माझ्याकडून अभय आहे.

हे अभय मी उदारपणाने देत नाही. जंतूंना वाढायला पाणी लागते. चकली तळताना तिच्यातले पाणी बुडबुडे होऊन कढईतून निघून जाते. लाडवात पाणी जवळजवळ नसतेच, आणि जे असते ते साखर असे घट्ट धरून ठेवते की जंतूंच्या हाती काही लागत नाही. पंधरा दिवस डब्यात राहायचे पदार्थ वेगळे आणि त्याच दुपारी पानावर वाढून संपवायचे पदार्थ वेगळे, ही वाटणी आपल्या आज्यांनी काही सूक्ष्मदर्शकातून पाहून केली नव्हती. पण ती चुकलेलीही नव्हती. आता मात्र या दोहोंच्या मध्ये एक तिसरा वर्ग शिरला आहे. दुधाचा, ओलसर, आणि तरीही रंगीत पेटीतून चार घरे फिरून चार दिवस टिकावा अशी ज्याच्याकडून अपेक्षा, असा. दिवाळीच्या तोंडावर दरवर्षी अन्न व औषध प्रशासनाचे लोक खव्यावर छापे घालतात, आणि आपण 'भेसळ, भेसळ' म्हणून हळहळतो. भेसळ वाईटच, त्यात वाद नाही. पण शंभर नंबरी शुद्ध खवा दुकानाच्या फळीवर दिव्याच्या उबेत दिवसभर बसला, तर तोही घात करू शकतो. शुद्धतेची आपल्याला जितकी काळजी, तितकी वेळेची नाही. माझे आजचे सगळे म्हणणे या वेळेपाशीच येऊन थांबणार आहे.

मी मराठी शिकवते. त्यामुळे खोड अशी लागली आहे की काही झाले की आधी शब्दाकडे पाहायचे. बिघडलेल्या अन्नासाठी मराठीत किती शब्द आहेत, हे एकदा वर्गातल्या मुलामुलींकडून काढून घेतले. फळा भरला! दूध नासते, वरण विटते, पीठ आंबते, खोबरे खवट होते, पाव बुरसतो, फळ सडते, भाजीला तार सुटते, पिठाला जाळी धरते, धान्याला कुबट वास येतो आणि पितळेच्या भांड्यात ठेवलेले ताक कळकते. प्रत्येक बिघाडाला ज्याचे त्याचे क्रियापद देणारी ही भाषा स्वयंपाकघरात वाढली, याविषयी कोणाला शंका असू नये. परंतु फळ्याकडे पाहता पाहता एक गोष्ट ध्यानात आली. हे सगळे शब्द नाकाचे, जिभेचे नाही तर डोळ्यांचे आहेत. ज्याचा रंग, वास, चव जिथल्या तिथे आहे, ज्याची पाहुण्यांनी दोनदा तारीफ केली, आणि जे खाऊन त्याच पाहुण्यांनी रात्रभर मोरीपाशी मुक्काम केला, अशा अन्नासाठी आपल्याकडे शब्दच नाही. 'बाधले' असे आपण म्हणतो. पण तो खाऊन झाल्यानंतरचा शब्द, आणि त्याची बैठक 'बाहेरच्या बाधे'च्या शेजारी. कोणी बाधवले, कशाने बाधवले, याचा त्यात पत्ता नाही.

पण खरी गोष्ट अशी की, अन्न कुजवणारे जंतू बहुतेक वेगळे असतात आणि माणसाला पाडणारे वेगळे. पहिले गाजावाजा करीत येतात. वास सोडतात, फेस आणतात, तार काढतात. दुसरे मुकाट्याने येतात. पहिल्यांनी वर्दी दिलेले अन्न आपण गाईला घालतो किंवा फेकतो. फसतो ते दुसऱ्यांच्या बाबतीत. युरोपातले पंडितही पुष्कळ दिवस नाकावरच विसंबून होते. १८७० च्या दशकात सेल्मी नावाच्या इटालियन रसायनशास्त्रज्ञाने प्रेताच्या कुजण्यातून निघणाऱ्या द्रव्यांना 'टोमेन' असे नाव दिले, आणि जे कुजट तेच विषारी, ही समजूत डॉक्टरांच्या डोक्यात पुढे कितीतरी वर्षे घट्ट बसली. वास्तविक १८८८ सालीच गेर्टनर या जर्मन शास्त्रज्ञाने आजारी गाईच्या मांसात आणि ते खाऊन मेलेल्या माणसाच्या शरीरात एकच जंतू शोधून दाखवला होता. आज ज्यांना साल्मोनेला म्हणतात, त्या कुळातला तो. पण समजुती जंतूंपेक्षा चिवट असतात.

उलट गंमत पाहा. 'आंबले' म्हणून ज्या अन्नाला आपण नाक मुरडतो, ते पुष्कळदा निर्धोक असते. इडलीचे पीठ, आंबील, दही, ताक. यांत आंबटपणा आणणारे जंतू आपल्यासाठी राखणदारी करीत असतात, कारण त्या आंबटपणात दुष्ट जंतूंना सहसा वाढता येत नाही. म्हणजे आंबट ताक बरे आणि गोड बासुंदी संशयास्पद, असा प्रकार! जिभेच्या साक्षीवर निकाल द्यायला गेलो तर हमखास उलटा निकाल लागायचा.

एका शब्दाचे मात्र कौतुक केले पाहिजे. 'कळकणे' हा शब्द ज्याने घडवला त्याने रोगाचे कारणही पकडले होते. आंबट पदार्थ उघड्या तांब्यापितळेत राहिला की धातू त्यात उतरतो, आणि असे ताक प्यायले की थोड्याच वेळात मळमळून उलटी होते. म्हणून कल्हई. नवसागराचा तो धूर, भाता, आणि काळ्या पडलेल्या पातेल्यात क्षणात उजळणारी चांदी ज्यांनी लहानपणी पाहिली, त्यांना मी आणखी काय सांगावे? स्टेनलेस स्टील आले आणि कल्हईवाला गेला. आता शोभेच्या हौसेने तांब्याची भांडी पुन्हा फळीवर येऊ लागली आहेत. त्यांत लिंबाचे सरबत करणाऱ्या भगिनींनी हा शब्द कोशातून उतरवून घ्यावा.

आणि दुसरा शब्द 'मोडशी'. ओकाऱ्या-जुलाबांनी माणूस मोडून पडतो, ती मोडशी. गोव्यात पोर्तुगीजांनी तो उचलला. गार्सिया द ओर्ता या वैद्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात या रोगाचे वर्णन केले आहे. पुढे शब्दाचे पोर्तुगीज रूप फ्रेंचांच्या कानी पडले आणि त्यांनी त्याचे आपल्या भाषेत 'मोर द शियँ', म्हणजे 'कुत्र्याचे मरण', असे करून टाकले. चुकीच्या ऐकण्यातून इतके बरोबर नाव क्वचितच निघाले असेल.

शब्दांचा हा नाद इथेच पुरे करते, कारण नुसत्या शब्दांनी माझी भाचीही बोलत नाही आणि तिचे सासरही. २०१९ च्या मे महिन्यातले तिचे लग्न. माझ्या मावसबहिणीची ती मुलगी. लग्न तालुक्याच्या गावी, मुहूर्त दुपारी साडेबाराचा. आचारी त्या भागातले नावाजलेले, साठीचे गृहस्थ. सकाळी सात वाजता बासुंदी आटून तयार झाली होती. वऱ्हाडाची बस घाटात बंद पडली. साडेअकराला निरोप आला, "निघालोच." साडेबाराला आला, "पोचतोच." बाराच्या सुमारास आचारीबुवा माझ्या मेहुण्यांना म्हणाले, "साहेब, बासुंदीखाली बर्फाच्या लाद्या घालू या. चारशे रुपयांत काम होईल." मेहुणे म्हणाले, "अहो, आता आलेच ते. आणि गार बासुंदी म्हाताऱ्यांना सोसत नाही." त्यांचेही चुकले असे त्या घटकेला कोण म्हणेल? मुलीच्या बापाच्या डोक्यात तेव्हा बर्फ सोडून सर्व काही असते. वऱ्हाड दोनला आले, लग्न लागले, अडीचला पंगत बसली. वाढण्याआधी बासुंदीला एक कढ देऊन घेतला, तोही आचारीबुवांनी आठवणीने. सर्वांनी वाहवा केली. मुलाच्या आजोबांनी, वय वर्षे एक्क्याऐंशी, दुसरी वाटी मागून घेतली.

पाच वाजता पहिली उलटी झाली. सहापर्यंत कार्यालयाच्या मागच्या अंगणात चाळीसपंचेचाळीस माणसे होती. कोणी वांग्याच्या भाजीला दोष देत होते, कोणी विहिरीच्या पाण्याला. एक काकू तर दृष्ट काढायला मिरच्या शोधू लागल्या. तेवढ्यात गावातला एक तरुण डॉक्टर आला. त्याने नाडीबिडी पाहिली ती नंतर. आधी विचारले, "जेवण किती वाजता झालं? पहिली उलटी किती वाजता? कोणाला ताप आहे का?" आणि मग मला वाटते सगळ्यांत शहाणा प्रश्न: "कोण कोण आजारी पडलं नाही?" आम्ही सात-आठ जण पुढे झालो. मला दूध मानवत नाही. दोघी जणींचा सोमवार होता. तिघे मधुमेहाचे. राहिलेल्यांनाही बासुंदी पोचली नव्हती. वांगी आणि पाणी मात्र आमच्यांतल्या बहुतेकांनी घेतले होते. "झालं तर!" तो म्हणाला. मग त्याने आचारीबुवांना हात दाखवायला सांगितले. उजव्या अंगठ्याला चिंधी होती. आदल्या दिवशी नारळ फोडताना कोयता लागला होता, आणि जखम चिघळली होती.

लोकांना तेवढे पुरले. चिंधी सगळ्यांनी पाहिली. सात ते अडीच हे साडेसात तास कोणी पाहिले नाहीत. डॉक्टर मला बाजूला म्हणाला, "बाई, हा जंतू चिघळलेल्या जखमेत असतो, आणि दर तिघांतल्या एकाच्या नाकातही असतो. वाढप्यांपैकी कोणी शिंकला असता तरी हेच. सकाळी आठला ही बासुंदी खाल्ली असती, तर बहुधा कोणाला काही झालं नसतं." कायद्याला पुरावा हवा म्हणून त्याने उरलेली बासुंदी मागितली, तेव्हा ती गटारात ओतून भांडीही घासून झाली होती. इभ्रतीचा प्रश्न ना! आचारीबुवांची निम्मी मजुरी अडवली गेली, आणि त्या गावात त्यांना पुन्हा मोठे काम मिळाल्याचे माझ्या ऐकण्यात नाही. आजोबा अकरा दिवस दवाखान्यात होते. अंगातले पाणी गेल्याने मूत्रपिंडांवर आले होते. जगले, पण काठीशिवाय पुन्हा चालले नाहीत. आणि भाचीला आजही, भाजीत मीठ जास्त झाले तरी, "तुमच्याकडच्या बासुंदीपेक्षा बरं" हे वाक्य ऐकावे लागते. वऱ्हाड उशिरा आले, हे मात्र सासरी कोणाच्या लक्षात नाही. वऱ्हाडाने उशिरा येणे हा आपल्याकडे गुन्हा कुठे आहे?

आता तुम्ही विचाराल, एक कढ दिला होता ना, मग? हाच तर सारा घोटाळा. स्टॅफिलोकोकस नावाचा हा जंतू उकळल्यावर मरतो. पण मरण्याआधी त्याने दुधात जे विष सोडून ठेवलेले असते, ते उकळीला दाद देत नाही. चोर पकडला गेला, पण ऐवज आधीच पार झाला, तसे. बार्बर नावाच्या अमेरिकन संशोधकाने १९१४ साली फिलिपीन्समध्ये हे स्वतःच्या पोटावर पडताळून पाहिले होते. तिथल्या एका गोठ्यातल्या गाईचे दूध ताजे प्यायले तर त्याला काही होत नसे. तेच काही तास बाहेर ठेवून प्यायले की दोनएक तासांत ओकाऱ्या. गाईच्या कासेत रोग होता, तिथून जंतू दुधात येत. दूध तेच, गाय तीच, माणूस तोच. मध्ये फक्त घड्याळ फिरले होते. शास्त्रज्ञांच्या वेडेपणाला नावे ठेवणाऱ्यांनी असे दूध मुद्दाम पुन्हा पिऊन पाहावे!

हिशेब साधा आहे. सोयीच्या उबेत काही जंतू वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. वीस मिनिटांनी चार, पुन्हा वीस मिनिटांनी आठ, या चालीने एकाचे सात तासांत वीस लाखांवर जातात. साठ अंशांच्या वर त्यांना भाजते, पाचाच्या खाली ते गारठून बसतात. मधली पट्टी त्यांची, आणि आपल्या वैशाखातली दुपार या पट्टीच्या नेमकी मध्यावर. म्हणून अन्न वाफाळते तरी ठेवावे नाही तर थंडगार. मध्ये दोन तासांपेक्षा जास्त रेंगाळू देऊ नये. उन्हाळ्यात तर एकच. फ्रिज जंतूंना मारत नाही, थोपवतो फक्त. आणि दहा लिटरांचे गरम पातेले तसेच आत ढकलले, तर त्याचा मध्य रात्री बारापर्यंत कोमटच राहतो. थोडे थोडे पसरट भांड्यांत काढावे, हा त्याला उपाय.

भाताचे सांगितले तर घरोघरी माझ्याविरुद्ध निषेधसभा भरतील. फोडणीच्या भातावर हात टाकणे म्हणजे मराठी माणसाच्या सकाळीवरच घाला. पण तांदळाबरोबर बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूची बीजे येतात, आणि ती भात शिजला तरी मरत नाहीत. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या मऊ, ओलसर भातात ती उगवतात, विष सोडतात. आणि सकाळची फोडणी, कितीही चुरचुरीत असो, त्या विषाचे काही वाकडे करीत नाही. १९७० च्या दशकात लंडनमधल्या चिनी खानावळींत परतलेला भात खाऊन लोक आजारी पडू लागले, तेव्हा हे उलगडले. "आम्ही चाळीस वर्षं खातोय, काही झालं नाही," असे म्हणणाऱ्यांना माझे उत्तर इतकेच की, तुम्ही खरे बोलता. बहुतेक सकाळी काही होत नाहीच. रात्रीचा भात निवताच फ्रिजमध्ये टाका आणि मग खुशाल फोडणी द्या, मीही खाते.

किनाऱ्याकडच्या वाचकांसाठी बांगड्याचा एक शब्द. पकडल्यावर बर्फाविना उन्हात राहिलेल्या बांगड्यात हिस्टामीन तयार होते. मासा दिसायला ठीक, तळला तर झकास. पण खाल्ल्यावर थोड्याच वेळात तोंड लालबुंद, डोके ठणकते, अंगावर गांधी. माणूस जन्मभर सांगत सुटतो, "मला बांगडा सोसत नाही." सोसला नाही तो बांगडा नव्हे, ते ऊन.

बासुंदीने तीन तासांत वर्दी दिली. पण प्रत्येक जंतूची घाई सारखी नसते. तयार विष पोटात गेले तर अर्ध्या तासापासून सहा तासांत उलट्या सुरू होतात, ताप बहुधा नसतो, आणि एका दिवसात माणूस उठून बसतो. मोठ्या हंड्यात सावकाश निवलेल्या मटणाने त्रास झाला तर आठ ते सोळा तासांनी पोटात मुरडा आणि जुलाब, उलटी फारशी नाही. साल्मोनेला पोटात जाऊन स्वतः वाढतो, म्हणून त्याला सहा तासांपासून तीन दिवसही लागतात. आणि त्याच्याबरोबर ताप येतो. कच्चट अंडी, अर्धवट शिजलेली कोंबडी ही त्याची आवडती वाहने. रक्त-आव घेऊन येणारे आणखी सवडीने येतात. विषमज्वराला एक-दोन आठवडे लागतात आणि दूषित अन्नपाण्यातून येणाऱ्या काविळीला तर दोन ते सहा! म्हणून शेवटच्या घासाला फासावर देण्याची आपली पद्धत अन्यायाची आहे. रविवारी रात्री पोट बिघडले की संध्याकाळच्या भेळवाल्याचा उद्धार होतो. शनिवारी दुपारी मेहुणीकडे खाल्लेल्या अंडाकरीचे नाव कोणी घेत नाही. भेळवाला परका ना! त्याच्या चटणीचे पाणी कुठले हे विचारायलाच हवे, पण आरोपी म्हणून तो नेहमी एकटाच उभा नसावा.

उपवासाच्या ताटालाही सूट नाही. २० फेब्रुवारी २०२४ रोजी, एकादशीच्या दिवशी, बुलढाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यातल्या सोमठाणा गावी हरिनाम सप्ताहात भगर आणि शेंगदाण्याची आमटी असा प्रसाद होता. तो घेऊन शेकडो माणसे एका रात्रीत आजारी पडली. बीबीच्या ग्रामीण रुग्णालयात जागा पुरेना. लोकांना बाहेर जमिनीवर निजवले, झाडांना दोऱ्या बांधल्या आणि त्या दोऱ्यांना सलाईनच्या बाटल्या टांगल्या. ती छायाचित्रे देशभर गेली. भगरीने बाधल्याच्या बातम्या महाराष्ट्रात महाशिवरात्रीला आणि आषाढीला नव्या नाहीत. ओल लागलेल्या भगरीवर बुरशी धरते, काही बुरशी विष करतात, आणि ते शिजवून जात नाही. दाण्यापेक्षा पिठाला ओल लवकर लागते, म्हणून पीठ अधिक धोक्याचे. उपवासाच्या आदल्या दिवशी बंद पुडीतली भगर आणून, निवडून, घरी दळणे हे त्याला उत्तर. असल्या विषाची ताकद पाहायची तर बांधवगडच्या जंगलाकडे पाहा. २०२४ च्या ऐन दिवाळीत तिथे दहा हत्ती मेले. कोदोच्या उभ्या पिकात शिरून त्यांनी ताव मारला होता, आणि त्यांच्या आतड्यांत सापडले ते बुरशीपासून होणारे सायक्लोपियाझोनिक आम्ल. हत्तीपुढे तुमचीआमची काय कथा! नाक तर त्याच्याएवढे लांब कोणाचेच नाही.

एवढे सगळे होऊनही, विषबाधेने दगावणारी माणसे पुष्कळदा विषाने दगावत नाहीत. पाण्याने, म्हणजे पाणी अंगातून गेल्याने, दगावतात. आणि इथेच आपल्या घरात सगळ्यांत घातक सल्ला दिला जातो: "पोटाला विश्रांती द्या, पाणीही नको." १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली. शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा यांचे मिश्रण पाण्यात कालवून पिंपे भरली आणि नातेवाइकांच्या हाती पेले दिले. शेकडा तीस माणसे मरत होती. ते प्रमाण चाराच्या खाली आले. २०२२ साली ते वारले, आणि पुढच्या वर्षी सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिले. हयातीत आपल्यापैकी कितीकांना त्यांचे नाव ठाऊक होते?

त्यांची पुडी आता कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळते. नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चहाचा चमचा, आणि सपाट, शीग लावलेला नव्हे. मीठ वाढवू नये. लहान मुलाला ते अपाय करते. चव अश्रूंइतकी खारट असावी, त्याहून नाही. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने. अंगावरच्या बाळाचे दूध तोडू नये. ताप असेल किंवा शौचावाटे रक्त असेल, तर जुलाब थांबवण्याची गोळी आपल्या मनाने घेऊ नये. दार लावून चोराला आत कोंडल्यासारखे होते.

आणि काही वेळा पाणी पाजत बसण्याची वेळ नसते. शौचास रक्त, कडक ताप, सहा-आठ तास लघवी नाही, पोटात पाण्याचा घोटही ठरत नाही, मुलाचे डोळे खोल गेले आणि रडताना अश्रू येत नाहीत, म्हातारे माणूस गुंगीत बोलू लागले, एकाच्या दोन वस्तू दिसतात किंवा पापण्या आपोआप मिटतात. यांतले एकही दिसले तरी उठून दवाखाना गाठावा. गरोदर बाईने आणि मूत्रपिंडाच्या रोग्याने तर याचीही वाट पाहू नये. जाताना काय खाल्ले, किती वाजता शिजले, किती वाजता खाल्ले, त्रास किती वाजता सुरू झाला आणि सोबत जेवलेल्यांपैकी कोण ठणठणीत आहे, एवढे एका कागदावर लिहून न्यावे. आणि पातेल्यात काही उरले असेल तर ते ओतून देऊ नये. झाकणाच्या डब्यात भरून, डबा बर्फात ठेवून बरोबर न्यावा.